घरच्या नव्या तरणतलावासाठी यंत्रे आणि स्वयंचलन निवडताना

नवा तरणतलाव बांधायचे ठरले की चर्चा बहुधा मोबाइलवरच्या ॲपपासून सुरू होते. घरी पोचण्याआधी पाणी गरम करता येईल का, दिव्यांचा रंग बदलता येईल का, क्लोरीन किती आहे ते फोनवर दिसेल का, असे प्रश्न आधी विचारले जातात. हे सगळे आज करता येते. पण निवडीचा क्रम मात्र नेमका उलटा असायला हवा. आधी पाणी किती आहे आणि ते किती वेळात एकदा फिरवायचे आहे हे ठरते, त्यावरून पाइप आणि फिल्टर, मग पंप, त्यानंतर निर्जंतुकीकरण, मग पाणी गरम करण्याची सोय आणि या सर्वांना हुकूम देणारा कंट्रोलर सर्वांत शेवटी. त्याच वेळी कंट्रोलरच्या वायरी ज्यांतून जायच्या त्या नळ्या मात्र काँक्रीट पडण्याआधी जमिनीत असाव्या लागतात. वस्तू शेवटी घ्यायची आणि तिची वाट सर्वांत आधी करून ठेवायची, यातच या कामाची खरी गोम आहे, आणि तलाव पूर्ण झाल्यावर फरशी फोडण्याची वेळ येते ती बहुतेक याच ठिकाणी चुकल्यामुळे.

पाण्याचे गणित

उदाहरणासाठी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि उथळ बाजूला १.२ मीटर, खोल बाजूला १.६ मीटर असा तलाव घेऊ. सरासरी खोली १.४ मीटर धरली तर त्यात सुमारे ४५ घनमीटर, म्हणजे ४५ हजार लिटर पाणी मावते. घरगुती तलावाचे सगळे पाणी साधारणपणे सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून जावे असे धरतात. सहा तास धरले तर ताशी साडेसात घनमीटर प्रवाह लागतो. हा एकच आकडा पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी असतो, म्हणून तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा आणि जो कोणी यंत्रांचे दरपत्रक देईल त्याच्याकडून त्याच्या गणितातला हाच आकडा लेखी मागावा. ज्याला तो सांगता येत नाही, त्याने पंप अंदाजाने निवडलेला असतो.

फिल्टरची निवड पंपाच्या आधी करावी. वाळूचा फिल्टर घरगुती तलावांत सर्वांत जास्त वापरला जातो, कारण तो साधा, दणकट आणि चुका पोटात घालणारा आहे. त्याची वाळू साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. कार्ट्रिज फिल्टर त्याहून बारीक, साधारण १० ते २० मायक्रॉनपर्यंतचा मळ धरतो आणि त्याला उलटे पाणी सोडून धुवावे लागत नसल्यामुळे पाणी वाचते. मात्र कार्ट्रिज बाहेर काढून हाताने धुण्याचे काम कोणीतरी नियमित करायला हवे. डायटमच्या मातीचा फिल्टर ३ ते ५ मायक्रॉनपर्यंत जातो आणि पाणी काचेसारखे करतो. पण प्रत्येक धुण्यानंतर त्याला नव्या भुकटीचा थर द्यावा लागतो आणि ती भुकटी श्वासावाटे आत जाणे चांगले नाही. पाण्याची टंचाई नसेल आणि देखभाल घरच्याच माणसांनी करायची असेल तर वाळू किंवा वाळूच्या जागी भरायची काच यांपैकी एक घ्यावे, असे माझे मत आहे.

वाळूच्या फिल्टरचा आकार ठरवताना एक पेच येतो आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. ६०० मिलिमीटर व्यासाच्या टाकीत वाळूचे क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर भरते. त्यातून ताशी साडेसात घनमीटर पाणी सोडले तर ते वाळूतून ताशी सुमारे २७ मीटर वेगाने उतरते. हा वेग संथ आहे आणि पाणी जितके संथ उतरेल तितका मळ चांगला अडतो. परंतु फिल्टर धुताना, म्हणजे बॅकवॉश करताना, वाळूचा थर उचलला जाऊन कण एकमेकांवर घासले जावे लागतात आणि त्यासाठी ताशी ४० ते ५० मीटरचा वेग हवा असतो. म्हणजेच याच टाकीला धुताना ताशी ११ ते १४ घनमीटर प्रवाह द्यावा लागेल, जो रोजच्या प्रवाहाच्या दीडपट ते दुप्पट आहे. एका वेगाचा लहान पंप बसवला तर गाळणे उत्तम होते, पण वाळू कधीच नीट धुतली जात नाही आणि वर्षा-दोन वर्षांत तिच्यात तेलकट गोळे धरतात. मोठा पंप बसवला तर धुणे चांगले होते, पण रोज विनाकारण जास्त वीज जाते. या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे वेग बदलता येणारा पंप.

पाइपांचा हिशेबही याच मोठ्या प्रवाहावर करावा. पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपात वेग सेकंदाला १.५ ते १.८ मीटरच्या वर जाऊ नये. ५० मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचा आतला व्यास साधारण ४५ मिलिमीटर असतो. रोजच्या साडेसात घनमीटरला तो पुरतो, पण बॅकवॉशच्या चौदा घनमीटरला त्यात वेग सेकंदाला जवळजवळ अडीच मीटर होतो आणि पंप आवाज करू लागतो. ६३ मिलिमीटरच्या पाइपात तोच प्रवाह दीड मीटरच्या आसपास राहतो. पाइपाचा पुढचा आकार घेतल्याने खर्च थोडाच वाढतो, आणि नंतर तो बदलणे जवळजवळ अशक्य असते. स्किमर, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणारी भिंतीतली तोंडे, साधारण २५ चौरस मीटर पृष्ठभागाला एक या हिशेबाने आपल्या उदाहरणातल्या तलावाला दोन लागतील. वारा बहुतांश वेळ ज्या बाजूकडे वाहतो, त्या बाजूच्या भिंतीत ते ठेवावेत, म्हणजे पाने आपोआप त्यांच्याकडे ढकलली जातात. फुकट मिळणारे हे स्वयंचलन नकाशा काढतानाच साधावे लागते.

तळाच्या मेन ड्रेनबाबत मात्र काटकसर किंवा तडजोड अजिबात करू नये. एकाच तोंडाने पंपाला जोडलेल्या ड्रेनवर कोणाचे शरीर किंवा केस अडकले तर सक्शनच्या जोरामुळे ते सोडवता येत नाही. अमेरिकेत अशाच अपघातात सात वर्षांची एक मुलगी दगावल्यानंतर २००७ साली यासंबंधी स्वतंत्र कायदा झाला. किमान दोन ड्रेन, एकमेकांपासून सुमारे ९० सेंटिमीटर किंवा त्याहून दूर, दोन्ही एकाच पाइपाला जोडलेले आणि दोन्हींवर अडकण्यापासून संरक्षण देणारी प्रमाणित झाकणे, ही कुठल्याही देशातल्या घरगुती तलावासाठी किमान अट समजावी.

पंप

पंपाच्या अश्वशक्तीवरून त्याच्याविषयी फारसे कळत नाही. उत्पादकाने दिलेला आलेख मागावा, त्यात आपल्या पाइपांच्या, फिल्टरच्या आणि इतर यंत्रांच्या एकूण अडथळ्यापुढे, म्हणजे ज्याला हेड म्हणतात त्यापुढे, किती प्रवाह मिळतो ते पाहावे. वेग बदलणाऱ्या पंपाच्या बाबतीत असे आलेख वेगवेगळ्या वेगांसाठी एकाच कागदावर दिलेले असतात. आपले दोन बिंदू, रोजचा साडेसात घनमीटर आणि धुण्याचा बारा-तेरा घनमीटर, त्या आलेखावर पेन्सिलीने टिंब करून पाहिले की पंप लहान आहे की अवाजवी मोठा आहे हे लगेच दिसते.

वेग कमी केल्याने होणारी बचत का होते हेही जाणून घ्यावे, कारण विक्रेते तिचे आकडे सोयीने फुगवतात. पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, दाब एक चतुर्थांश होतो आणि लागणारी शक्ती एक अष्टमांश होते. निम्म्या प्रवाहामुळे तेवढेच पाणी फिरवायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून एकूण वीज एक चतुर्थांश लागते. पूर्ण वेगात १००० वॅट घेणारा पंप सहा तास चालवला तर सहा युनिट जातात. निम्म्या वेगात तो बारा तास चालवला तर कागदावर दीड युनिट जाते. प्रत्यक्षात कमी वेगावर मोटारीची आणि पंपाची कार्यक्षमता घटत असल्यामुळे हा आकडा दीडच्या वर राहतो, पण तरीही सहाच्या मानाने फरक प्रचंड आहे. शिवाय पंपघर शयनगृहाजवळ असेल तर आवाजातला फरक विजेच्या बिलाआधीच जाणवतो.

वेग कमी करण्याला एक खालची मर्यादा असते आणि ती आलेखातून कळत नाही, जागेवर शोधावी लागते. हीट पंप (हवेतली उष्णता पाण्याला देणारे यंत्र) आणि सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारे यंत्र) यांना ठरावीक किमान प्रवाह हवा असतो. तो मिळाला नाही तर त्यांच्यातला फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहते की नाही हे ओळखणारी कळ, त्यांना बंद करतो. तलाव सुरू करताना कारागीर फिल्टर अगदी स्वच्छ असताना वेग हळूहळू उतरवतो, फ्लो स्विच पडला की जरा वर आणतो आणि तिथेच ठेवून निघून जातो. मग आठ-दहा दिवसांनी फिल्टरमध्ये मळ साठतो, प्रवाह थोडासा घटतो आणि रात्री दोन वाजता फोनवर ‘प्रवाह नाही’ असा संदेश येतो. माणूस सकाळी जाऊन पाहतो तर पंप व्यवस्थित चालू असतो, कुठेही बिघाड दिसत नाही. असा ‘गूढ’ बिघाड टाळायचा असेल तर किमान वेग ठरवताना फिल्टर मळलेल्या अवस्थेतला धरावा, किंवा प्रवाह मोजून स्वतः वेग वाढवणारा पंप घ्यावा. दुसरा पर्याय महाग असला तरी फिल्टर मोठा आणि वापर अनियमित असेल तिथे तो रास्त ठरतो.

निर्जंतुकीकरण आणि रसायनांचे डोसिंग

स्वयंचलनाचा खरा फायदा आणि खरा धोका दोन्ही इथेच आहेत, म्हणून या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

क्लोरीन किती परिणामकारक ठरते ते पाण्याच्या पीएचवर अवलंबून असते. पाण्यात विरघळलेल्या मुक्त क्लोरीनचा जंतूंवर जोरात काम करणारा भाग म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. पीएच ७.२ असताना तो साधारण दोन तृतीयांश असतो, ७.५ ला सुमारे निम्मा आणि ८ ला जेमतेम पाव भाग उरतो. याचा अर्थ असा की पीएच सांभाळला नाही तर यंत्र कितीही क्लोरीन तयार करो, त्यातला मोठा हिस्सा नुसता पडून राहतो. म्हणून पैसे मोजकेच असतील आणि एकाच गोष्टीचे स्वयंचलन करता येणार असेल, तर ते पीएचचे करावे. पीएच ७.२ ते ७.६ आणि मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम हे लक्ष्य ठेवावे. अल्कलिनिटी, म्हणजे पीएचचे बदल सोसण्याची पाण्याची क्षमता, लिटरमागे ८० ते १२० मिलिग्रॅम असली तर पीएच फार उड्या मारत नाही.

सॉल्ट क्लोरिनेटर पाण्यातल्या मिठापासून विजेच्या साहाय्याने क्लोरीन तयार करतो. ‘क्लोरीन नसलेला तलाव’ अशी त्याची जाहिरात केली जाते, ती दिशाभूल आहे. तो क्लोरीनचाच तलाव असतो, फक्त क्लोरीन विकत आणण्याऐवजी जागेवर बनते. पाण्यात लिटरमागे ३ ते ४ ग्रॅम मीठ लागते, जे समुद्राच्या पाण्यातल्या सुमारे ३५ ग्रॅमच्या मानाने फारच कमी आहे. आपल्या ४५ घनमीटरच्या तलावाला ४ ग्रॅमप्रमाणे १८० किलो मीठ एकदा टाकावे लागेल आणि नंतर बॅकवॉशमध्ये व उसळून जे पाणी जाते तेवढेच भरून काढावे लागेल. क्लोरिनेटरचा आकार असा ठरवावा: उन्हात, वापरात असलेल्या तलावाला दिवसाला लिटरमागे ३ मिलिग्रॅम क्लोरीन लागते असे धरले तर ४५ घनमीटरला १३५ ग्रॅम लागेल; पंप आठ तास चालणार असेल तर ताशी सुमारे १७ ग्रॅम. म्हणून ताशी २५ ग्रॅमचा सेल घेऊन तो सत्तर टक्क्यांवर चालवावा. ताशी १५ ग्रॅमचा स्वस्त सेल उन्हाळ्यात शंभर टक्क्यांवर चालूनही मागे पडेल आणि लवकर संपेल, कारण सेलचे आयुष्य तासांत मोजले जाते. टायटॅनियमच्या पट्ट्यांवरचा लेप साधारण पाच ते दहा हजार तास टिकतो. सेल ही बदलण्याची वस्तू आहे हे धरून तिची किंमत आजच विचारून ठेवावी.

क्लोरिनेटरसोबत दोन गोष्टी आपोआप येतात. एक म्हणजे त्याच्यामुळे पाण्याचा पीएच सतत वर सरकत राहतो, त्यामुळे आम्लाचा डोसिंग पंप, म्हणजे ते मोजून थोडेथोडे सोडणारा छोटा पंप, जवळजवळ सक्तीचा होतो. दुसरी म्हणजे मिठाचे पाणी मऊ दगड आणि हलक्या प्रतीचे स्टील खाते, म्हणून शिडी, दांडे आणि स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टीलचे असावेत आणि काठाचा दगड निवडताना तो खारे पाणी सोसेल का हे विचारावे.

पीएच मोजणारा प्रोब हा काचेचा नाजूक भाग असतो. तो कोरडा पडला की खराब होतो आणि चांगली निगा राखली तरी वर्ष-दोन वर्षांनी बदलावा लागतो. त्याला ७ आणि ४ पीएचच्या द्रावणांत बुडवून काही आठवड्यांनी पुन्हा जुळवून घ्यावे लागते. हे काम करायला कोणी तयार नसेल तर स्वयंचलित डोसिंग न घेणे जास्त सुरक्षित आहे, कारण चुकीचे वाचन देणारा प्रोब कंट्रोलरला पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचा हुकूम द्यायला लावतो. क्लोरीनसाठी बहुतेक घरगुती यंत्रणा ओआरपी हे पाण्याची जंतू मारण्याची ताकद दाखवणारे मिलिव्होल्टमधले माप वापरतात आणि ६५० ते ७५० मिलिव्होल्ट हे लक्ष्य देतात. उघड्यावरच्या तलावात मात्र उन्हापासून क्लोरीन वाचवण्यासाठी सायन्युरिक आम्ल घातलेले असते आणि ते वाढले की तेवढेच क्लोरीन असूनही ओआरपी कमी दिसते. मग कंट्रोलर क्लोरीन ओततच राहतो. म्हणून सायन्युरिक आम्ल लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये आणि ओआरपीचे लक्ष्य पुस्तकातून न उचलता हाताने केलेल्या चाचणीशी ताडून ठरवावे: मुक्त क्लोरीन २ मिलिग्रॅम भरले त्या वेळी यंत्रावर जो आकडा दिसतो, तोच आपल्या तलावाचा आकडा.

आता धोक्याविषयी. क्लोरीनचे द्रावण आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. पाणी फिरवणारा पंप काही कारणाने थांबला आणि डोसिंग पंप मात्र चालूच राहिले, तर दोन्ही रसायने पाइपाच्या एकाच तुकड्यात साठतात आणि पंप पुन्हा सुरू होताच वायूचा लोट थेट तलावात, पोहणाऱ्यांच्या तोंडासमोर येतो. म्हणून डोसिंग पंपांना वीज मिळण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात, मुख्य पंप चालू असणे आणि फ्लो स्विचला पाणी खरोखर वाहताना जाणवणे. हा बंदोबस्त सॉफ्टवेअरच्या भरवशावर न ठेवता वायरिंगमध्येच असावा. त्याशिवाय कंट्रोलरमध्ये डोसिंगच्या वेळेला कमाल मर्यादा असावी, म्हणजे ठरावीक मिनिटांत पीएच लक्ष्यावर आला नाही तर त्याने डोसिंग थांबवून सूचना द्यावी. रसायने सोडण्याची जागा फिल्टर आणि हीटर यांच्या पुढे, सर्वांत शेवटी असावी आणि आम्ल व क्लोरीन यांच्या जागांत पुरेसे अंतर असावे.

आम्लाचा कॅन कुठे ठेवायचा, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो निवडीचाच भाग आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचा कॅन बंद असला तरी त्यातून थोडी वाफ येत राहते. पंपघरात कंट्रोलरच्या खाली असा कॅन वर्षभर ठेवलेला असेल, तर पॅनेलचे दार उघडताच तांब्याच्या तारांच्या टोकांवर हिरवट पूड धरलेली दिसते, स्क्रूंच्या डोक्यांना गंज चढलेला असतो आणि एखादा रिले (विजेने चालणारा स्विच) बोटाने दाबला तरी चिकटून बसलेला असतो. इतके महाग यंत्र बिघडले ते एका कॅनच्या जागेमुळे. रसायनांसाठी हवेशीर वेगळा कप्पा आधीच नकाशात दाखवावा, आणि त्यात आम्ल व क्लोरीन शेजारी-शेजारी ठेवू नयेत.

अतिनील किरणांचा दिवा किंवा ओझोन हे पूरक म्हणून चांगले आहेत. पण त्यांचा परिणाम यंत्रातून जाणाऱ्या पाण्यापुरताच असतो, तलावात तो टिकत नाही, म्हणून थोडे क्लोरीन लागतेच. बंदिस्त तलावात डोळे चुरचुरण्यास कारण ठरणारी क्लोरामाइन्स कमी करण्यासाठी अतिनील दिवा विशेष उपयोगी पडतो. उघड्या घरगुती तलावात त्याला मी शेवटचे स्थान देईन.

गरम पाणी आणि झाकण

४५ घनमीटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ५२ किलोवॅट-तास, म्हणजे ५२ युनिट, उष्णता लागते. हीट पंप एका युनिट विजेत चार ते सहा युनिट उष्णता हवेतून ओढून देतो, त्यामुळे त्याला एका अंशाला साधारण १० युनिट वीज पुरते. १५ किलोवॅटचा हीट पंप २२ अंशांवरचे पाणी २८ अंशांवर न्यायला, वाटेतली गळती न धरताही, जवळजवळ २१ तास घेईल. म्हणून ‘ऑफिसातून निघताना फोनवर बटण दाबा आणि घरी येऊन कोमट पाण्यात उतरा’ ही कल्पना हीट पंपाच्या बाबतीत खरी नाही. ती मोठ्या गॅस हीटरला किंवा लहानशा स्पाला लागू पडते. हीट पंप घेतला तर तापमान रोज राखण्याची पद्धत ठेवावी लागते.

तलावातली उष्णता सर्वांत जास्त जाते ती बाष्पीभवनातून, म्हणून हीटरच्या आधी झाकणाचा विचार करावा. झाकण पाणी, उष्णता आणि रसायने तिन्ही वाचवते. स्वयंचलित झाकण घेणार असाल तर त्याच्या मोटारीची खाच, पाण्याचा निचरा आणि वायरिंगची नळी आराखड्यातच हवी. क्लोरिनेटरला झाकण बंद असल्याची खूण देणारी तार जोडायला विसरू नये, कारण झाकणाखाली ऊन नसल्यामुळे क्लोरीन उडत नाही आणि सेल नेहमीच्या गतीने चालला तर दोन दिवसांत पाण्यातले क्लोरीन कमालीचे वाढते. झाकण बंद करण्याची कळ मात्र ॲपवर कधीच देऊ नये. ती किल्लीची, बोट काढताच थांबणारी आणि जिथून सगळा तलाव दिसतो अशा ठिकाणी असावी. झाकण असले तरी चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे दार लागतेच.

दिवे १२ व्होल्टचे एलईडी घ्यावेत आणि त्यांचा विलगीकरण करणारा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर ठेवावा. प्रत्येक दिव्यामागे तो काठावर काढून दुरुस्त करता येईल इतकी जादा केबल गुंडाळलेली असावी. सगळ्या सर्किटांना ३० मिलिॲम्पिअर गळतीवर तुटणारे संरक्षण आणि तलावाभोवतीच्या सर्व धातूंची एकमेकांशी जोडणी हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचे आहे.

सफाईसाठी स्वतंत्र रोबोट हा माझ्या मते सर्वांत शहाणा पर्याय आहे. तो कमी व्होल्टेजवर चालतो, पाइपांवर अवलंबून नसतो आणि बिघडला तर तलाव बंद न ठेवता दुरुस्तीला देता येतो.

कंट्रोलर निवडताना

इथवर आल्यावर कंट्रोलरची यादी आपोआप तयार होते. काय चालवायचे आणि काय मोजायचे हे ओळीने लिहून काढावे: पंपाचा वेग, हीट पंप, दोन मोटारयुक्त व्हॉल्व्ह, दिवे, दोन डोसिंग पंप, क्लोरिनेटर, आणि दुसऱ्या बाजूला पीएच, ओआरपी, पाण्याचे तापमान, प्रवाह, झाकणाची खूण. या यादीपेक्षा दोन-तीन जागा मोकळ्या राहतील असा कंट्रोलर घ्यावा. पंप, क्लोरिनेटर आणि कंट्रोलर हे बहुधा दोन तारांच्या आरएस-४८५ जोडणीवर बोलतात. तार तीच असली तरी प्रत्येक उत्पादकाची भाषा वेगळी असते. म्हणून एकतर सगळे एकाच उत्पादकाचे घ्यावे, किंवा मॉडबससारखी खुली भाषा बोलणारी यंत्रे घेऊन तिच्या आज्ञांचा तक्ता खरेदीआधी हातात मागावा. ‘जोडता येईल’ या तोंडी आश्वासनाला काही अर्थ नसतो.

एवढी व्याप्ती नको असेल, फक्त पंप आणि दिवे वेळेवर लावायचे असतील, तर पंपातच असलेले वेळापत्रक आणि एक साधा टायमर पुरतो. वेगळा स्पा किंवा धबधबा नसलेल्या लहान तलावाला पूर्ण कंट्रोलर घेणे ही बहुतेक वेळा हौसच असते आणि ती हौस म्हणून घ्यायला हरकत नाही, पण गरज म्हणून विकली जात असेल तर ओळखावी.

विक्रेत्याला पुढील गोष्टी विचाराव्यात. इंटरनेट गेले तर वेळापत्रक यंत्रातच चालू राहते का? वीज जाऊन आली की घड्याळ बरोबर राहते का आणि पंप कुठल्या अवस्थेत सुरू होतो? प्रत्येक गोष्ट पॅनेलवरच्या कळीने हाताने चालवता येते का? ॲपचे खाते मालकाच्या नावावर उघडले जाईल की बसवणाऱ्याच्या? हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. देखभालीचा कंत्राटदार बदलला की स्वतःच्याच तलावाचा पासवर्ड मागत फिरण्याची वेळ येते.

पाण्याची पातळी आपोआप भरून काढणारी सोय घेणार असाल तर तिच्या नळावर स्वतंत्र पाण्याचा मीटर बसवावा. त्याशिवाय ही सोय गळती झाकून ठेवते: पातळी नेहमी बरोबर दिसते, आणि जमिनीखाली पाइप तुटलेला असला तरी महिनोन्महिने कळत नाही.

नळ्यांविषयी सुरुवातीला म्हटले होते. पंपघरापासून प्रत्येक दिव्यापर्यंत, झाकणाच्या मोटारीपर्यंत, पातळीच्या सेन्सरपर्यंत आणि घरातल्या इंटरनेटच्या उपकरणापर्यंत वायरिंगच्या नळ्या पुराव्यात. विजेच्या आणि सिग्नलच्या तारा वेगळ्या नळ्यांतून न्याव्यात. प्रत्येक नळीत ओढायला दोरी सोडून ठेवावी आणि एक नळी पूर्ण रिकामी राखावी. घरातल्या वाय-फायवर भिस्त ठेवू नये, कारण पंपघर बहुधा दूर असते आणि कंट्रोलर धातूच्या पेटीत. तिथपर्यंत इंटरनेटची केबलच टाकावी.

ताबा घेण्याचा दिवस

यंत्रणा बसवणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्यासमोर एक-एक बिघाड मुद्दाम घडवून पाहावा. डोसिंग चालू असताना मुख्य पंपाचा स्विच पाडावा आणि दोन्ही डोसिंग पंपांच्या फिरत्या चाकांकडे पाहावे. ती तत्क्षणी थांबली पाहिजेत. तलावाकडे परतणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळावा आणि क्लोरिनेटर कोणत्या क्षणी स्वतःला बंद करतो ते पाहावे. पीएचच्या प्रोबची तार काढून कंट्रोलर सूचना देतो का, की जुनाच आकडा दाखवत बसतो, हे तपासावे. इंटरनेट बंद करून पंपाचा वेग पॅनेलवरून बदलावा. सगळी वीज एकदा घालवून पुन्हा आणावी. फिल्टर बॅकवॉश करून पाहताना काचेच्या खिडकीतून पाणी आधी गढूळ आणि मग स्वच्छ होताना दिसले पाहिजे, आणि गाळणे, धुणे अशा स्थिती बदलणाऱ्या बहुमुखी व्हॉल्व्हची मूठ फिरवण्याआधी पंप प्रत्येक वेळी बंद करायचा असतो हे घरातल्या ज्याला-त्याला तिथेच दाखवून द्यावे.

त्यानंतर फिल्टर स्वच्छ असताना प्रेशर गेजवर जो दाब दिसतो तो टाकीवरच न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहावा. त्याच वेगावर तो सुमारे अर्ध्या बारने वाढला की फिल्टर धुवायचा. प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांकाची पट्टी बांधावी आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवावा. पहिला महिनाभर आठवड्यातून दोनदा क्लोरीन आणि पीएच हाताने तपासून त्याच नकाशाशेजारी तारीख, हाताने आलेला आकडा आणि यंत्रावरचा आकडा असे तीन रकाने भरत जावे. दोन आकड्यांतला फरक वाढत चालला की प्रोब जुळवायची वेळ आली आहे असे समजावे.